संस्थेची सर्वात मोठी देणगीदार

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी विनोद केला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे सांगायचा धीर होणार नाही. मंगळवारची सकाळ, साडेनऊचा सुमार, मी ऑफिसचं कुलूप काढून पंखा लावतोय आणि मोबाइलवर तिचं नाव. 'हॅलो'सुद्धा न म्हणता मी सुरू झालो, "गेल्या महिन्याच्या प्रवासाची तिकिटं जमा केल्याशिवाय रजा मिळणार नाही, मॅडम." पलीकडून तिच्या धाकट्या बहिणीचा आवाज आला, "भाऊ, मी कुंदा. ताई सकाळी चहा ठेवून खाली बसली ती उठलीच नाही हो." मी म्हणालो, "बरं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणालो, "बरं..." मांडवीला त्या दोघींच्या भाड्याच्या खोलीवर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की ते पहिलं वाक्य कुंदाने नीट ऐकलं असेल की नसेल. आज सहा आठवडे झाले. विचारायची हिंमत झालेली नाही.

सुलभाताई आमच्या संस्थेची संघटक होती. संस्था एवढीशी, रत्नागिरीत दोन खोल्यांची. आसपासच्या वाड्यांमधून घरी बसून काजू फोडणाऱ्या बायकांना एकत्र आणायचं, हे आमचं काम. व्यापारी काजूबियांचं पोतं घरात आणून टाकतो, बायका बिया फोडून गर काढून देतात आणि किलोमागे जो दर तो सांगेल तो घेतात. हा दर बायकांनी मिळून ठरवावा म्हणून जी बाई उन्हातान्हात फिरते ती संघटक. आणि मी? मी व्यवस्थापक. गणपतीपुळ्याला देवळापासून दहा मिनिटांवर लॉज काढून तो तोट्यात घालवणारा अख्ख्या पट्ट्यात मी एकटाच असेन. त्या अनुभवाच्या जोरावर अठरा वर्षांपूर्वी संस्थेने मला आर्थिक व्यवहार सोपवले. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण आमच्याकडे सगळ्या बायका ताई आणि सगळे पुरुष भाऊ, त्यात वय कोणी विचारत नाही.

संघटक दिवसभर नक्की करते काय, हे मला पहिली काही वर्षं कळलंच नाही. एकदा बघायला म्हणून तिच्याबरोबर गेलो. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरून आत वळलं की एक वाडी आहे, तिथल्या जनाकाकीच्या पडवीत सात-आठ बायका बिया फोडत होत्या. बोटं चिकाने काळी झालेली. सुलभाताई त्यांच्यात बसली आणि तीन तास बोलली. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या मुंबईतल्या भावाने पैसे पाठवायचे बंद केले, यंदा सुकट महाग का... दराचा शब्द नाही. मला राहवेना. मी उभा राहिलो आणि किमान वेतनावर पंचवीस मिनिटं भाषण ठोकलं. छान झालं, असं मलाच वाटलं. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने जनाकाकीच्या घरचं पोतं बंद केलं आणि पंधरा दिवस त्या पडवीत एक बी फुटली नाही. ते निस्तरायला सुलभाताई अकरा वेळा तिथे गेली. आमच्या अंदाजपत्रकात एका वाडीच्या महिन्याला चारच फेऱ्यांचं भाडं होतं. उरलेल्या सात तिने पदरच्या केल्या, त्यातल्या दोन चालत. मला फक्त एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमचं भाषण चांगलं होतं. पुढच्या वेळी पोस्टाने पाठवा."

लोकांना वाटतं अशा माणसांना पगार म्हणजे काहीतरी सरकारी कोष्टकातून येत असणार. तसं नसतं. आमच्याकडे त्याला मानधन म्हणतात आणि ते अनेक गोष्टींवर ठरतं, फक्त कामावर ठरत नाही. देणारी मोठी संस्था मुंबईची की परदेशातली, प्रकल्प किती वर्षांचा, माणसाकडे पदवी कोणती, तो बसतो शहरात की फिरतो वाडीत. मध्ये दोन वर्षं पुण्याहून एक पदवीधर मुलगा समन्वयक म्हणून आला होता. त्याला पस्तीस हजार. त्याला वाडीतल्या पडवीत कसं बसायचं हे शिकवणाऱ्या सुलभाताईला कागदावर चौदा. शिवाय एक प्रकल्प संपून दुसरा सुरू होईपर्यंत चार-चार महिने मध्ये कोरडे जायचे. पदवीधर तेव्हा पुण्याला गेला. सुलभाताई फिरत राहिली, कारण व्यापारी काही प्रकल्प संपला म्हणून दर पाडायचं थांबवत नव्हता.

कागदावर चौदा म्हणालो. हातात सात पडायचे. ती अक्कल माझी.

झालं असं, की पैसे देणाऱ्यांची अट असते, थोडा वाटा तुमच्या संस्थेने उचलायचा. आमच्याकडे उचलायला खुर्च्या होत्या. आमचे अध्यक्ष नाना, निवृत्त शिक्षक आणि हापूसचे बागायतदार, म्हणाले, "काहीतरी युक्ती करा." मी युक्ती केली. सुलभाताईचं अर्धं मानधन 'संघटकाचे श्रमदान' म्हणून दाखवलं, म्हणजे तिने ते आम्हाला देणगी दिलं. तुम्ही विचाराल, स्वतःच्या पगाराचं का नाही दाखवलं? तेव्हा मी सांगितलं होतं की व्यवस्थापकाचा पगार वेगळ्या सदरात येतो, नियमात बसत नाही. तसा नियम कुठेही नव्हता. तिने तो कागद खिडकीशी उभं राहून वाचला आणि विचारलं, "म्हणजे मी देणगीदार झाले?"

"कागदावर."

"मग पावती द्या."

मी खरंच पावती फाडली. तीही हसली, मीही हसलो. दरवर्षी ती माझ्या टेबलाशी येऊन सही करायची आणि मी पावती द्यायचो. एका वार्षिक सभेत तर मी माइकवरून सांगितलं, की आपली सर्वात मोठी देणगीदार इथेच तिसऱ्या रांगेत बसली आहे. टाळ्या पडल्या. तीही टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्यांचं मला अजून नीट कळत नाही. माणूस स्वतःसाठी टाळ्या का वाजवतो... बाकीचे वाजवताहेत म्हणून?

मानधन वाढवायचा विषय कधी निघाला की नाना म्हणायचे, "तिला काय कमी आहे? वाड्यांतून तांदूळ येतो, कोकम येतं, सुकट येते." आणि ते खोटं नव्हतं. संध्याकाळी ती पिशवीत कोणाचा ना कोणाचा डबा घेऊनच परतायची. मी ते इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिलं, की संघटकास स्थानिक पातळीवर सहकार्य मिळते. परवा कुंदाकडे बसलो होतो तेव्हा तिने मांडणीवरचे पाच-सहा डबे दाखवले. म्हणाली, "हे कुणाकुणाचे ते मला ठाऊक नाही, तुम्हीच पोचवा." मग सांगितलं, "ताई कधी रिकामा डबा परत न्यायची नाही हो. कधी रवा, कधी साखर, लाडू. महिनाअखेरीला तर आम्ही डबे आले की घाबरायचो." मी हिशेबाचा माणूस. अठरा वर्षं मी ते डबे जमेच्या बाजूला धरत होतो.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच हा सगळा लेख ताणत आणला. तीन वर्षांपूर्वी, नवा प्रस्ताव जायच्या वेळी, ती माझ्या टेबलाशी आली. बसली नाही. म्हणाली, "भाऊ, या वेळी ते श्रमदान नको दाखवूया. कुंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय."

मी म्हणालो, "अहो ताई, प्रस्ताव कालच गेला. आता तीन वर्षांनी."

प्रस्ताव गेला नव्हता. माझ्यासमोर कॉम्प्युटरवर उघडा होता, तिला पाठमोरा. मुदतीला दोन दिवस होते. पण एक आकडा बदलला की अकरा तक्ते बदलावे लागतात, नानांना पुन्हा सहीला गाठावं लागतं, वाटा दुसरीकडून काढावा लागतो... मला कंटाळा आला. दुसरं काही नाही, कंटाळा. मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. ती "बरं" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली, जनाकाकीच्या पडवीतल्या बैठकीचे सहा फोटो माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "प्रस्तावाला जोडायचे राहिले असतील."

एवढंच. मी ते जोडले. वर्षाला एकदा तरी मी मनात तिच्यासमोर बसतो आणि विचारतो, ताई, गेलेल्या प्रस्तावाला जोडायचे ते फोटो म्हणजे काय होतं? टोमणा होता, की मला दिलेली दुसरी संधी, की खरंच प्रस्ताव मजबूत व्हावा एवढंच? कुंदाचं ऑपरेशन पुढच्या वर्षी झालं, पैसे कुठून आले ते मला माहीत नाही. सुलभाताई माझ्याशी पहिल्यासारखीच बोलत राहिली. रागावली असती तर मी माफी मागितली असती, असं मी स्वतःला सांगतो. त्यातही किती खरं ते...

गेल्या महिन्यात तिच्या जागी माणूस नेमायची वेळ आली. वाड्यांमधल्या बायकांनी नाव सुचवलं मनालीचं, जनाकाकीच्या सुनेचं. बारावी झालेली, सुलभाताईबरोबर चार वर्षं फुकट फिरलेली. नाना म्हणाले, "पहिल्यासारखंच ठेवा. चौदा दाखवा, सात द्या." मी म्हणालो, "श्रमदान काढून टाकूया, नाना." "मग वाटा कुठून आणणार?" "तुमच्या वीस कलमांचा आंबा द्या." नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दहा," ते म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. मी नेमणुकीचं पत्र टाइप केलं, पूर्ण चौदा हजारांचं. छाती फुगवून मनालीला फोन केला, की ये आणि सही करून जा. ती म्हणाली, "मी येत नाय भाऊ. तुमी कागद घेऊन वाडीवर या."

गेलो. भाषण करायचं नाही, असं वाटेत स्वतःला चार वेळा बजावलं. त्याच पडवीत बायका बिया फोडत बसलेल्या. मनालीने पत्र घेतलं, पण सही करायच्या ऐवजी सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायला लागली. एकेक ओळ वाचायची आणि थांबायची. जनाकाकी म्हणाली, "सुलभाची रीत हाय ती. कसलाबी कागद असू दे, येकटीनं सही कराची नाय. पडवीत वाचायचा, सगळ्यांनी ऐकायचा, मग सही." व्यापाऱ्याचा करार असाच वाचला होता म्हणे, बचत गटाचा कर्जाचा कागदसुद्धा. मला हे ठाऊकच नव्हतं. माझ्या अहवालांत असली गोष्ट लिहायला जागाच नसते.

वाचन झालं. जनाकाकीने हातातली बी बाजूला ठेवली आणि मला सरळ विचारलं, "भाऊ, सुलभाचा कागद कुठच्या पडवीत वाचलात?"

मी म्हणालो, "कुठेच नाही. ती माझ्या टेबलाशी सही करायची. एकटी." आणि मग, कोणी विचारलं नसताना, ते दोन दिवस सांगितले. कॉम्प्युटर, अकरा तक्ते, कंटाळा, फोटो, सगळं. बाकीच्यांनीही हातातल्या बिया खाली ठेवल्या. मला वाटलं आता कोणीतरी मला वाडीबाहेर काढेल. त्याऐवजी बायका आपसात बोलायला लागल्या. एक म्हणाली, सुलभाताईला सगळं कळलं असणार, ती खोटं चेहऱ्यावरनं ओळखायची. दुसरी म्हणाली, कळलं असतं तर फोटो आणून दिले नसते. तिसरी म्हणाली, संस्था बंद पडंल म्हणून भ्याली असंल. शेवटी जनाकाकी म्हणाली, "आमाला कदी येकटीला सही करू दिलान नाय... आनि सोता?" ती माझ्याकडे बघत होती, पण प्रश्न मला नव्हता.

मनालीने पत्र पुन्हा पुढे ओढलं. "भाऊ, प्रकल्प संपल्यावर मदले चार महिने काय?"

"त्याबद्दल पत्रात काही नाही."

"फेऱ्या चारच?"

"चारच."

"मग लिवा," जनाकाकी म्हणाली. "हितंच लिवा. मग वाचू परत."

मी पेन काढलं. नाना काय म्हणतील, देणारे काय म्हणतील, दहा कलमांच्या आंब्यात हे बसतं का, काही सुचत नव्हतं. कागद कशावर ठेवून लिहू म्हणून इकडेतिकडे बघत होतो, तेवढ्यात जनाकाकीने स्वतः ज्यावर बसली होती तो पाट काढला, पदराने पुसला आणि माझ्यापुढे सरकवला.