तिसरी ताटली

माझी मावशी आयुष्यात एकाच सहलीला गेली, आणि तीही सूड उगवायला. काकांना मात्र शेवटच्या दिवसापर्यंत वाटत होतं की आपण मजेत खायला-प्यायला चाललोय.

मावशी भांडी घासते. बावीस वर्षं स्टेशनसमोरच्या एका हॉटेलात घासली, आता हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये घासते. त्यात काय अक्कल लागते, असं कुणी म्हटलं की माझं डोकं सटकतं. मावशीला ताटल्या वाचता येतात. पाव फिरवून लख्ख पुसलेली ताटली आली, म्हणजे पदार्थ जमला. नुसताच चिवडलेला असेल, तर गिऱ्हाइकाला भूक होती पण पानात चव नव्हती. आणि वर कागदी रुमाल टाकून झाकलेली ताटली आली, की आचाऱ्याने काय ते समजून घ्यावं. "आवडलेलं कुणी झाकत नाही," ती म्हणते. "माणूस खोटं बोलतो. ताटली नाही बोलत."

त्या हॉटेलात एक आचारी होता. घरात आम्ही त्याला टोपीवाला म्हणतो, कारण पुढे मोठ्या शहरात जाऊन त्याने ती उंच पांढरी टोपी घातली. तेव्हा तो डोक्याला फडकं बांधायचा, आणि त्याचं कांद्यातलं मटण रोज अर्धंअधिक परत यायचं. बिचारा दुपारची गर्दी ओसरली की मावशीच्या बेसिनपाशी येऊन उभा राहायचा. "ताई, काय कमी आहे? जरा चाखून सांगा ना."

मावशी हात धुवायची, परत आलेल्या ताटलीच्या काठाशी करंगळी फिरवायची, जिभेला लावायची. मग सांगायची. कांदा आतून कच्चाय. अजून मंद आचेवर ठेवा, तासभर ठेवा, चहासारखा रंग येऊ दे. व्हिनेगर आधी घालू नका, पातेलं खाली उतरवल्यावर घाला. असं दोन महिने चाललं. एक दिवस अकरा ताटल्या आल्या आणि अकराही पुसलेल्या. त्या दिवशी त्याने मावशीला वाकून नमस्कार केला होता. हे मी मनचं सांगत नाही, मी तिथे डबा द्यायला गेले होते आणि या डोळ्यांनी बघितलंय.

पुढे मटणाचं नाव झालं. लांबून लोक यायला लागले, एक पेपरवालाही आला. कृती कुणाची, असं त्याने विचारल्यावर हा म्हणाला, आमच्या आईची. मावशी तिथेच, चार हातांवर, कोपरापर्यंत फेसात. तिने फक्त मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तेवढं त्याला पुरलं. मनात चोर असला की नुसत्या बघण्याचीही भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकाच्या कानाला लागून सांगितलं, "ती भांडीवाली गिऱ्हाइकांचं उष्टं खाते. मी रोज बघतो."

मालकाने सगळ्यांच्या देखत तिला काढून टाकलं. मावशी घरी आली ती ओला एप्रन तसाच बांधून. नोकरी गेल्याचं तिने काकांना सांगितलं, पण का गेली ते सांगायला तिला दोन दिवस लागले. तोवर गल्लीला कळलंच होतं. समोरची बाई वर्षानुवर्षं आमच्याकडे चहा प्यायची. त्या आठवड्यात म्हणाली, नको गं, आत्ताच झालाय माझा. पुढच्या आठवड्यातही तिचा आत्ताच झालेला होता. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, हे खरंच आहे. पण याने तर केसाने गळा कापला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हटलं, चल, आत्ता जाऊन त्याच्या तोंडावर विचारू. मावशी म्हणाली, "आत्ता नाही."

आत्ता नाही म्हणता म्हणता सहा वर्षं झाली. मला वाटलं, विसरली. मी मूर्ख. तिने डूख धरला होता.

यंदा काका बसवरून रिटायर झाले. तीस वर्षं त्यांनी त्या मोठ्या शहरात बस नेली, पण स्टँड, कॅन्टीन आणि परतीची फेरी, यापलीकडे ते शहर त्यांनी पाहिलं नव्हतं. म्हणाले, आता शनिवार-रविवार प्रवासी म्हणून जायचं. दोन दिवस, पाच जेवणं, तीन पब. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीमागे त्यांनी यादीच केली. कुठल्या पबमध्ये बिअर स्वतः बनवतात, कुठे तळलेला मासा चांगला मिळतो, कुठे बसायला बाहेर बाकडी आहेत. बसमध्ये चढणाऱ्या पोराटोरांना विचारून त्यांनी ही माहिती वर्षभर गोळा केली होती. सोबत मीही यायचं ठरलं, कारण लॉज आणि टेबलं फोनवरून मीच बुक करणार होते. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, त्यामुळे घरात फोनचं काही निघालं की मीच डॉक्टर.

यादी पुरी झाल्यावर मावशीने काकांच्या हातातलं पेन घेतलं आणि शेवटी एक ओळ लिहिली. रविवार, दुपारी दीड. खाली टोपीवाल्याच्या रेस्टॉरंटचं नाव.

काका म्हणाले, "अगं, तिथे कशाला? जखमेवर मीठ चोळून घ्यायला?"

"मटण खायला," मावशी म्हणाली.

मला तिने खरं काय ते स्वयंपाकघरात सांगितलं. टोपीवाल्याची कुठेशी मुलाखत आली होती, ती तिने मला फोनवर दोनदा वाचायला लावली. त्यात तो म्हणाला होता, माझ्याकडून एक जरी ताटली न खाता परत आली तरी मी स्वतः बाहेर येऊन गिऱ्हाइकाला विचारतो, काय कमी आहे. "बघ," मावशी म्हणाली, "खोड गेली नाही त्याची. मी ताटली परत पाठवणार. त्याने माझ्यासमोर उभं राहून, चार लोकांत विचारायचं. एवढंच पाहिजे मला. बाकी तुझे काका काय ते पिऊ देत."

"आणि त्याने विचारल्यावर तू काय म्हणणार?"

"ते माझं मी बघते. तू टेबल असं घे की स्वयंपाकघराचं दार समोर दिसेल."

शनिवार काकांचा होता. लॉजवर तीन खाटा मिळाल्या, त्यातली एक घडीची, ती माझ्या वाट्याला. खिडकीखाली कुठल्याशा स्वयंपाकघराचा धुराचा पंखा होता. काका खिडकीशी उभे राहून वास घेत म्हणाले, इथे नुसतं झोपलं तरी पोट भरेल. पहिल्या पबमध्ये त्यांनी एक बिअर सावकाश, देवाचं नाव घेतल्यासारखी प्यायली. दुसऱ्यात तळलेला मासा आणि बटाटे. काका एवढे खूश होते की त्यांनी शेजारच्या टेबलवरच्या अनोळखी माणसाला आपल्या बसचा नंबर सांगितला. मावशी खात होती, पण तिचं लक्ष आत जाणाऱ्या ताटल्यांवर होतं. "इथला आचारी घाईत असतो," ती मला हळूच म्हणाली. "मासा कडेला जळतोय. सगळे तेवढंच काढून ठेवतायत." मग काकांना म्हणाली, "अहो, उद्या दुपारी तुम्ही काही मागवायचं नाही हं. मी मागवीन."

रविवारी दीडच्या ठोक्याला आम्ही तिथे. पांढरे टेबलक्लॉथ, एकही खुर्ची रिकामी नाही, आणि भिंतीवर टोपीवाल्याचा हाताची घडी घातलेला फोटो. मावशीने तिची निळी साडी नेसली होती, ती फक्त लग्नांना नेसते. तिने एकच मटण मागवलं, स्वतःसाठी. आम्हाला पाव आणि सूप.

मटण आलं. वास असा की काकांनी चमचा हातात घेतला आणि मावशीच्या नजरेने परत ठेवला. मावशीने हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिली. दहा मिनिटांनी वेटर आला. आवडलं नाही का? मावशी म्हणाली, घेऊन जा. तिने वर रुमाल टाकला नाही. तिला ती ताटली उघडी आत जायला हवी होती.

आम्ही दाराकडे बघत बसलो. दार उघडायचं, वेटर बाहेर यायचा, दार मिटायचं. टोपी काही दिसेना. अहो, तिथे रोज दोनशे ताटल्या लागतात, हा कसला बाहेर येतो. मुलाखतीत सांगायला काय जातं. मावशीने पुन्हा तेच मागवलं. तीही ताटली तशीच परत गेली. कुणी आलं नाही. पाव संपला होता आणि काका सुपाची वाटी तिरकी करून तळ बघत होते. "अगं, निदान एक घास," ते पुटपुटले. "एक घास खाल्ला म्हणून तुझा सूड काही कमी होत नाही." मला हसू यायला पाहिजे होतं, पण मावशीचा चेहरा बघून ते आलं नाही. सहा वर्षं जपलेली गोष्ट दोन ताटल्यांत फुकट चालली होती. हा माणूस तिला ओळखायला बाहेरही येणार नव्हता.

तिसरी आली. मावशी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग बाटलीतल्या पाण्याने तिने रुमाल ओला केला, हात पुसला, आणि ताटलीच्या काठाशी, रश्शातून करंगळी फिरवली. हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जिभेला लावली. तिने डोळे मिटले. मला काही कळेना. मग डोळे उघडून वेटरला म्हणाली, "ही पण न्या. आणि शेफना दाखवा."

यावेळी दार लगेच उघडलं. टोपीवाला स्वतः आला, ताटली दोन्ही हातांत धरून. टोपीखालचा चेहरा उतरला होता. रश्शात काठापाशी एक स्वच्छ रेघ होती, करंगळीएवढी, आणि जगात ती रेघ ओढणारी एकच बाई त्याला माहीत होती.

"ताई," तो म्हणाला.

आजूबाजूची टेबलं गप्प झाली. टोपीच एवढी उंच, लोक बघणारच.

"तीन ताटल्या परत आल्या, ताई. इथून एकही परत येत नाही."

मावशीने हात पुन्हा मांडीवर ठेवले.

"काय कमी आहे?" त्याने ताटली टेबलावर ठेवली. "कांदा? कांदा तासभर ठेवतो मी अजून. व्हिनेगर उतरवल्यावरच घालतो." तो हळू बोलायचा प्रयत्न करत होता, पण गप्प झालेल्या खोलीत सगळं ऐकू जात होतं. "सांगा ना. तुम्हाला कळतं. काय कमी आहे?"

मावशी नुसती बघत राहिली, त्या दिवशी फेसातून मान वर करून बघितलं होतं तशीच. तेव्हा त्याला राहवेना. त्याने माझ्यासमोरचा चमचा उचलला, ताटलीत बुडवला, बरोब्बर त्या रेघेपाशी, आणि तोंडात घातला. तोंडात घोळवला. पुन्हा एक चमचा घेतला. भुवया आक्रसून तो चूक शोधत होता.

"अहो," मावशी अगदी शांतपणे म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "उष्टं आहे ते. मी बोट घातलंय त्यात."

चमचा त्याच्या तोंडातच राहिला. मागच्या टेबलवर कुणीतरी हसलं, त्या माणसाला काय माहीत. टोपीवाल्याला मात्र सगळं माहीत होतं. त्याचे कान लाल झाले. तो काहीतरी बोलायला गेला, बहुतेक माफी, पण मावशी उठली होती. तिने पदर सावरला, त्याच्या बाजूने निघाली, आणि दारापर्यंत एकदाही मागे बघितलं नाही. मी मात्र बघितलं. मला बघायचंच होतं. तो अजून आमच्या टेबलापाशी उभा होता, ताटलीवर वाकून, आणि पुन्हा एकदा चाखत होता.

बाहेर फुटपाथवर मी विचारलं, "मावशी, खरं सांग. काय कमी होतं?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "फक्कड झालं होतं. मी सांगितलं होतं तसंच. त्याहूनही थोडं चांगलं."

"मग?"

"मग काय. आता बसू दे शोधत जन्मभर." ती झपाझप चालत होती. "पहिल्यांदाच ताटलीला खोटं बोलायला लावलं मी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा हलला. पण तो एकदाच.

काका म्हणाले, "तिसरा पब डाव्या हाताला आहे. मला आता चक्कर येतेय." तिथे मावशीने दोन माणसांचं जेवण एकटीने संपवलं, पाव फिरवून ताटली पुसली, आणि उठताना ती स्वतः नेऊन आत भांडी घेतात त्या खिडकीवर ठेवली.

चार महिन्यांनी मी दुकानात बसून त्या रेस्टॉरंटबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचत होते. एकाने लिहिलं होतं, मटणाची ती पूर्वीची चव राहिली नाही. दुसऱ्याने लिहिलं होतं, दर वेळी वेगळंच लागतं, शेफ सारखे काहीतरी बदलत असतात. संध्याकाळी मी कॅन्टीनमध्ये जाऊन मावशीला ते वाचून दाखवलं. ती पातेलं घासत होती. तिने मला ते पुन्हा वाचायला लावलं, आणि मी वाचून संपवल्यावर नळ सुरू केला.