साफ आलेला रिपोर्ट

बारामतीजवळच्या जळोचीत कुणाचं लग्न निघालं की लोक कार्यालयाच्या आधी फरजानाची तारीख धरतात. नवरी मराठ्याची असो, माळ्याची असो की मुसलमानाची, वेणी घालायला फरजानाच लागते. वीस वर्षांत किती डोकी तिच्या हाताखालून गेली याची गणती नाही. कुणाचे केस कपाळाकडून मागं सरकलेले, कुणाला चाई पडलेली, सगळं तिला ठाऊक आणि सगळं तिनं गंगावनाखाली बेमालूम झाकलेलं. तिच्या तोंडून कधी अक्षर बाहेर पडलं नाही. याचा तिला भारी अभिमान. झाकणं हाच तिचा धंदा होता म्हणा ना! आणि ती सवयच तिच्या घरावर उलटली.

गेल्या वर्षी थोरल्या मुलीला, शबीनाला, तेल लावताना तिच्या बोटांना मानेच्या वर गुळगुळीत जागा लागली. रुपयाएवढी. दुसऱ्याच्या पोरीच्या डोक्यात असली जागा शंभरदा लागली होती, तेव्हा हात कधी थांबला नव्हता. या वेळी थांबला. तिनं लसूण चोळला, कांद्याचा रस चोळला. तीन महिन्यांत एकाच्या पाच जागा झाल्या आणि गंगावन अडकवायलाही केस पुरेनात.

शबीनाची मंगनी इंदापूरच्या आफताबशी झाली होती. त्याच्या आईनं चार बायकांत शबीनाची कमरेपर्यंतची वेणी हातात धरून सांगितलं होतं, "मी तर पोरीच्या केसावरच भाळले." आता ते वाक्य फरजानाला दिवसभर टोचायचं.

शेवटी तिनं बारामतीत डॉक्टर राजलक्ष्मींचा दवाखाना गाठला. बाई समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "अंगातली रोगाशी लढणारी शक्ती असते ना, ती हिच्या केसांच्या मुळांनाच शत्रू समजतेय." मग शबीनाचंच रक्त काढून यंत्रात गरगर फिरवलं, त्यातला पिवळसर भाग वेगळा केला आणि बारीक सुईनं डोक्यात टोचला. त्यात मुळांना जोर देणारे वाढीचे घटक असतात म्हणे. चार वेळा टोचलं. लव आली आणि पुन्हा झडली.

"आपण खत घालतोय, पण पीक खाणाऱ्या शेळ्या अजून रानातच आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "आता त्या शक्तीलाच जरा शांत करणाऱ्या गोळ्या देऊ. पण एक आहे. टीबीचा जंतू कधीकधी अंगात निजून राहतो आणि हीच शक्ती त्याला दाबून ठेवते. तिचा जोर कमी झाला की तो उठतो. घरात कधी कुणाला टीबी झाला होता?"

"न्हाय मॅडम. आमच्यात तसलं काय न्हाय," फरजाना म्हणाली.

झाला होता. शबीनालाच, सहा वर्षांपूर्वी. बारामतीत कुणी ओळखीचं दिसेल म्हणून मायलेकी गोळ्यांसाठी इंदापूरला जायच्या. चार महिन्यांत पोरगी टवटवीत दिसू लागली, शेजारीण गोळ्यांची चौकशी करू लागली, तशा फरजानानं त्या कोर्स संपायच्या दोन महिने आधीच बंद केल्या. आणि आता त्याच इंदापुरात पोरगी द्यायची होती.

डॉक्टरांनी छातीचा फोटो आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. फरजानानं ती चिठ्ठी धाकट्या तमन्नाच्या हातात दिली. "तोंडाला स्कार्फ बांध, नाव शबीना सांग." लॅबमध्ये चेहरा कोण बघतो? रिपोर्ट साफ आला. डॉक्टर खूश झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. माझं म्हणाल तर, बाईनं डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकलं होतं, समजलंही होतं. म्हणूनच तिचा राग येतो आणि कीवही येते.

केस मात्र आले. आधी पांढरी लव, मग काळेभोर केस. दिवाळीपर्यंत सगळ्या जागा भरल्या. फरजाना रोज आरशापुढं पोरीला बसवायची आणि बोटांनी चाचपून बघायची.

त्याच सुमारास शबीना खोकायला लागली. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर धुरळा उडत होता. "समदा गावच खोकतोय," फरजाना म्हणाली. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. लग्नाचा ब्लाउज एकदा आत घेतला, मग परत घेतला. डॉक्टरांनी बोलावलेली तारीख तिनं लग्नाची गडबड सांगून चुकवली. घरातलं हसणं हळूहळू कमी झालं. तिघीही एकमेकींकडं बघायचं टाळू लागल्या.

लग्नाला बारा दिवस राहिले असताना फरजाना वेणीचा नमुना घालून बघत होती. शबीना रुमालात खोकली आणि रुमाल मुठीत दाबला. फरजानानं मूठ उघडली. रक्त होतं.

"अम्मी, लगीन होऊ दे. मग दावू," शबीना म्हणाली. "आता सांगितलं तर ते लोक न्हाय म्हनतील."

आयुष्यभर फरजानानं हेच केलं होतं. पण त्या क्षणी तिला इतकी भीती वाटली, की आफताबची आई, मंगनी, इंदापूर, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. पोरगी वाचली पाहिजे, एवढंच उरलं. तिनं फोन लावला.

"काय म्हणते नवरी? केस छान आलेत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आलेत मॅडम. पर तो रिपोर्ट तिचा नव्हता. धाकटीचा हुता. शबीनाला आधी टीबी झालाय. आज रक्त पडलंय खोकल्यातनं."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "गोळ्या आत्ताच बंद करा. तोंडाला मास्क बांधून तासाभरात तिला घेऊन या. ती कुणाजवळ झोपते? घरात आणखी कुणी खोकतंय?"

फरजानानं आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. दोघी बहिणी लहानपणापासून एकाच पलंगावर निजायच्या.

"धाकटीबी खोकतीय, मॅडम," ती म्हणाली. "आठ दिस झालं."