अण्णांची गोळी

आमच्या घरात शुगरची गोळी एकच. खाणारे तिघं. थोरल्या दिरांना, म्हणजे सगळं घर ज्यांना अण्णा म्हणतं त्यांना, शुगर आधी निघाली. त्यांना जी गोळी लागू पडली तीच मग सासूबाईंना सुरू झाली, आणि माझी निघाली तेव्हा मलाही. बसवकल्याणला अडतीचं दुकान चालवणारा माणूस, पण मुलीचं स्थळ असो की तापावरचं औषध, राजेश्वर गावातल्या आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचाच.

माझी निघाली तेव्हा धाकटी लेक पहिलीत होती. तहान भागेना, वजन उतरलं, आणि मी मराठी शाळेतली मास्तरीण, मला माझ्याच हातची फळ्यावरची अक्षरं पुसट दिसायला लागली. बिदरच्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, साखर फार वर गेलीय, काही आठवडे इन्सुलिन घ्या. पोटातली इन्सुलिन बनवणारी ग्रंथी थकलीय, तिला विसावा मिळाला तर पुढं बहुतेक सुई सोडून साध्या गोळीवर येता येईल. आधी कानडीत सांगितलं, मग मोडक्या मराठीत, आणि कळलं का हे मलाच विचारलं. मला चांगलं कळलं होतं. पण चिठ्ठी घेतली आमच्या ह्यांनी, आणि घरी आल्यावर ती गेली अण्णांच्या हातात.

त्याआधी सासऱ्यांना सुई लागली होती आणि वर्षाच्या आत ते गेले होते. त्यांचा पाय आधीच काळा पडलेला, किडन्या निकामी झालेल्या, सगळं हाताबाहेर गेल्यावर कुणीतरी इन्सुलिन सुरू केलेलं. पण आमच्या घरानं खूळ घेतलं ते हेच, की सुई लागली म्हणून म्हातारा गेला.

"सुई म्हंजे शेवट," अण्णा म्हणाले. "पोरं ल्हान हायती हिची. आत्ताच कामून मरणाला लावायलास?"

हे विचारलं त्यांनी नवऱ्याला. मी तिथंच पिठाच्या हातांनी उभी होते. थोरले दीर भावजयीशी थेट बोलत नाहीत, आमच्यात तशी रीत. आणि आमचे हे अण्णांसमोर तोंड उघडत नाहीत, तेव्हाही नाही, आताही नाही. पगार माझा, दुखणं माझं, पण विचारणार कोण?

सुईऐवजी अण्णांची गोळी सुरू झाली, आणि ती लागू पडली, याचीच तर मला चीड येते. आठवड्यात साखर उतरली आणि अण्णा भेटेल त्याला सांगत सुटले. उतरणारच हो! ती गोळी थकलेल्या ग्रंथीला ढोसून कामाला लावते, हे मला पुढं कळलं. डॉक्टरीणबाई बैल सोडायला सांगत होत्या आणि आम्ही पराणी टोचत राहिलो. दुपारचं जेवण लांबलं की वर्गात हात थरथरायचे, घामानं पोलकं भिजायचं. मी गुळाचा खडा तोंडात टाकायची आणि पोरांकडून पाढे म्हणून घ्यायची. काही वर्षांनी साखर पुन्हा चढली, तशी एका गोळीच्या दोन झाल्या. पुन्हा बिदरला जाऊ म्हटलं तर उत्तर ठरलेलं, बरं चाललंय की.

धाकटी कलबुर्गीला कॉलेजात गेली त्या वर्षी गोळ्यांनी हात टेकले. आता सकाळ-संध्याकाळ सुई, आणि ती सुटायची नाही. कलबुर्गीच्या डॉक्टरांना मी विचारलं, तेव्हाच घेतलं असतं तर? ते म्हणाले, काहींना सुरुवातीला घेतल्याचा फायदा होतो, पुढं बरीच वर्षं लागत नाही. तुम्हाला कदाचित तरीही लागलंच असतं. माणूस खरं बोलला. पण त्या 'कदाचित'नं माझं वाटोळं केलं. मला धड कुणाला शिव्या देता येत नाहीत की नशीब म्हणून गप्प बसता येत नाही.

यंदा अण्णांच्या गोळ्याही चालेनाशा झाल्या. पायाची जखम भरेना, डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. ते त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नाही, आणि मग एका सकाळी इन्सुलिनचं पेन घेऊन आमच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. जाऊबाईंना सुई बघवत नाही, मुलं पुण्याला. दाराच्या चौकटीकडं बघत म्हणाले, "तूच टोच. तुला सवय हाय."

इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. सवय! ती कुणी लावली, हे विचारायचं ओठावर आलं होतं. दिराच्या अंगाला हात लावायचा नसतो, तीही रीत त्या दिवशी गेली. सदरा वर करून ते खाटेवर बसले. बाजारात दहा जणांना दम देणारा माणूस, डोळे गच्च मिटलेले. मी पोटाची कातडी चिमटीत धरली, टोचलं, सुई काढली.

त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. पोटाकडं बघितलं आणि चक्क हसले.

"एवढंच व्हय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातलं पेन त्यांच्या तोंडावर फेकून मारावं असं वाटलं.

"व्हय अण्णा," मी म्हणाले. "एवढंच होतं."