काकाजींच्या डब्यावरचा नंबर

गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या मेडिकलवाल्या ताई नसत्या तर आमचे घरमालक काकाजी वाचले नसते. हे आधीच लिहून टाकते. पुढची हकिकत हळहळीची आहे, आणि हळहळ सांगायला बसलं की ज्यानं हात दिला त्याचं शेवटी घाईघाईत उरकलं जातं. ताईंचं नाव मी लिहिणार नाही, त्यांना ते आवडायचं नाही. पण त्या होत्या म्हणून काकाजी आहेत.

मी कोल्हापूरकडची. आठवीत शाळा सुटली. पुढं लग्न झालं आणि नवऱ्याला बिरसीच्या विमानतळावर कंत्राटदाराकडं कँटीनचं काम लागलं, तशी राज्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला आले. आई शेजारणींना सांगायची, "लेक नागपूरच्याबी पल्याड ऱ्हाती." जणू नागपूरच्या पल्याड जमीनच संपते. स्वभाव माझा आधीच भित्रा. गॅस बंद केला का, कडी लावली का, नवऱ्याला यायला उशीर का झाला, सगळ्याची धास्ती. त्यात इथली बोली अशी रोखठोक की नुसती चौकशी केली तरी मला वाटायचं रागावलेत. काकीजी जिन्याखालून हाक मारायच्या, "काऊन वो, जेवली नाहीस का?" आणि मी धसकून दार लोटून घ्यायची. पहिल्या पावसाळ्यात मी तापानं फणफणले तेव्हा त्याच काकीजी माझ्या उशाशी बसून मला भाताची पेज पाजत होत्या. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

काकाजी जातीचे पोवार, शेतकरी माणूस. जमीन बिरसीला, घर कुडव्याला. खाली ते दोघं, वरच्या खोलीत आम्ही. एकुलती लेक बालाघाटकडं दिलेली. काकाजींची सत्तरी उलटून गेली होती, तरी लुना काढून रोज शेतावर जायचे. भारी चेष्टेखोर. घरात आपसात पोवारी बोलायचे, पण मी जिन्यात दिसले की मुद्दाम माझी बोली ओढूनताणून बोलायचे, "काय गं पोरी, भाकरी खाल्लीस व्हय?" आणि स्वतःच हसायचे. बीपीची गोळी वर्षानुवर्षं चालू. सकाळच्या चहाबरोबर एक, त्यात कधी खाडा नाही.

एका उन्हाळ्यात जावई डबा घेऊन आले. गोंदियातल्या कुठल्याशा हॉलमध्ये मोठी सभा झाली होती, तिथून आणलेला. डब्यावर डोंगर चढणारा पांढऱ्या केसांचा माणूस, आत हिरव्या कॅप्सूल. जावयांचा चेहरा नुसता फुललेला.

"बाबूजी, ये दवाई नहीं, दवाई का बाप है. शरीरातली पेशी नवी करते. परदेशात लोक हेच खाऊन म्हातारे होणं विसरले. बीपी, शुगर, सगळं आपोआप खाली येते, सभेत लोकांनी उभं राहून सांगितलं."

"म्हातारा नाही झालो तं पोरं मले काका कायले म्हणतीन?" काकाजी म्हणाले. पण डबा हातात घेतला. आणि त्यांनी तो जसा पाहिला ते मी विसरत नाही. बियाण्याची पिशवी पाहावी तसा पाहिला. आधी शिवण तपासावी तशी झाकणाची पट्टी बघितली, मग उलटा करून काहीतरी शोधू लागले.

धानाचं प्रमाणित बियाणं घेताना काकाजी पिशवीला शिवलेली निळी चिठ्ठी बघितल्याशिवाय पिशवी उचलायचे नाहीत. सरकारच्या माणसानं शेतात जाऊन पीक पाहिलं, प्रयोगशाळेत दाणे उगवून पाहिले, तेव्हा ती चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीनं त्यांना जन्मात फसवलं नव्हतं. डब्याच्या मागं बारीक अक्षरात परवान्याचा लांबलचक नंबर होता. तो सापडल्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली.

"हे पाय. सरकारी नंबर हाय. उगवून पाह्यलं असन तवाच देल्ला."

जावई हसले. तेही शेतकऱ्याच्याच घरचे, त्यांनाही ते पटलेलं होतं. स्वतःही तेच खात होते ते. फसवायला आलेला माणूस नव्हता तो, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पुढं काही दिवसांनी सकाळी पाणी भरायला खाली गेले तर खिडकीतली गोळ्यांची पट्टी तशीच. दुसऱ्या दिवशीही तशीच. मी भीतभीत विचारलं, "काकाजी, गोळी घेतली न्हाई?"

"थे बंद केली."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टर कायले सांगते! अवो, एका पंपात दोन औषधं टाकली तं काय होते? फाटते. ना हे लागत, ना थे लागत. आधी याले आपलं काम करू दे, मंग पाहू."

फवारणीचा पंप पाठीवर घेऊन ज्याचं आयुष्य गेलं त्याला हे कोण खोटं म्हणणार? मी तरी म्हटलं, "माणसाच्या पोटात आणि पंपात फरक असतोय की."

"आठवी नापास पोरगी मले शिकवून राहिली!" ते काकीजींकडं बघून ओरडले.

"नापास न्हाई, शाळा सुटली," मी म्हटलं. तिघंही हसलो. हसण्यावारी गेलं ते गेलंच.

पण माझ्या धास्तीला झोप नसते. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस आले, मजूर मिळेनात, काकाजींची धावपळ सुरू झाली. दुपारी ते कपाळ दाबत बसायचे. म्हणायचे, ऊन लागलं. एक डबा संपला, जावयांनी आणखी आणून ठेवले, तसा तो रिकामा डबा मी काकीजींकडून "डाळ ठेवायला" म्हणून मागून घेतला आणि थेट मेडिकलवर गेले.

ताईंचं दुकान आमच्या वळणावर. त्या फार्मसी शिकलेल्या, कडक बोलायच्या. चिठ्ठीशिवाय गोळी मागितली की गिऱ्हाइकाला हाकलायच्या, म्हणून गल्लीत त्यांना "मास्तरीण" म्हणत. त्यांनी चष्मा वर सारून डबा वाचला. मागची बाजू आधी वाचली, पुढचं चित्र बघितलंसुद्धा नाही.

"हे औषध नाही. खाण्याच्या वस्तूंच्या कायद्यात येतं," त्या म्हणाल्या. "इथं लिहिलंच आहे बघ, औषधी उपयोगासाठी नाही. पेशी, बीपी, शुगर, डब्यावर एक शब्द आहे का? नाही. लिहिलं तर पकडले जातील. जे लिहिता येत नाही ते सभेत तोंडानं बोलतात." मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "ज्येष्ठमधाचा अर्क. कोण खातंय हे?"

"आमचे काकाजी."

"त्यांना तर बीपी आहे. गोळी चालू आहे ना?"

मी नाही म्हटलं. त्यांनी डबा खाली ठेवला. "ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर बीपी चढू शकतं. अन् वरून गोळी बंद? इतके दिवस काय झोपली होतीस का गं?" दुपारी दुकान बंद करून त्या जेवायला घरी जायच्या. त्या दिवशी घरी न जाता बीपीचं मशीन घेऊन स्कूटीवर माझ्या मागोमाग आल्या.

काकाजींना आधी गंमत वाटली. "मास्तरीण घरी आली! काऊन, दुकान चालून नाही राहिलं का?"

"हात द्या," ताई म्हणाल्या. पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला. दुसऱ्यांदा आकडा बघितल्यावर त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. मला त्या मऊपणाचीच जास्त भीती वाटली. "काकाजी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"परवा रोवणा सरला का जाईन. आज मजूर आले हायेत. अन् औषध तं चालू हाय ना माहं. सरकारी नंबराचं."

ताईंनी काकीजींना विचारलं, "घरात बिस्किटाचा पुडा आहे?" काकीजींनी आणून दिला. ताईंनी पुडा आणि डबा शेजारी शेजारी धरले आणि दोन्हींवरचे नंबर दाखवले. सारखंच चिन्ह, तेवढाच लांब आकडा. "ही तुमची बियाण्याची चिठ्ठी नाही, काकाजी. हा चक्कीवाल्याला असतो तसा परवाना आहे. त्याला दळायची परवानगी आहे, एवढंच. भाकर खाऊन तुमचं आयुष्य वाढेल, हे कोणी उगवून पाहिलेलं नाही. औषधाला ते आधी सिद्ध करावं लागतं. याला नाही."

काकाजींनी दोन्ही नंबरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मंग बिस्किट खाऊनबी जवान होईन का मी?" पण हसले नाहीत.

काकीजी दाराशी उभ्या. पदर तोंडाला लावून हळूच म्हणाल्या, "जावयानं आणलं हाय वो. त्याले खोटं कसं म्हणावं?"

"जावई खोटे नाहीत. त्यांनाही कोणी असंच सांगितलं असेल," ताई म्हणाल्या.

काकाजींनी ताईंसमोर बीपीची गोळी घेतली. दवाखान्यात मात्र गेले नाहीत. ताई चिडल्या, हात जोडले, "रोवणा थांबतो, हे थांबत नाही," असंही म्हणाल्या. पण चिखल तयार आणि मजूर बांधावर असताना त्या मुलखातला माणूस हलत नाही. जाताना ताईंनी मला जिन्यापाशी ओढलं. "तोंड वाकडं दिसलं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, यातलं एकही झालं तर मालीश करत बसू नका. पाणी पाजू नका. गाडी काढायची. म्हण पाहू." मी शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींच्या हातातला चहा बशीत सांडला. ते काहीतरी म्हणाले, ते ना मराठी होतं ना पोवारी. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता. काकीजी पाण्याचा गडू घेऊन धावल्या. मी त्यांचा हात धरला. आजवर कुणाचा हात मी असा धरला नव्हता. शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं म्हणून वाचले.

वाचले, पण बोलणं गेलं ते गेलं. उजवा हातही गेला. माझी बोली ओढूनताणून बोलणारा माणूस पुढं मला बघून नुसता डोळ्यांत पाणी आणायचा. जावई दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडले, उरलेले डबे त्यांनी स्वतःच नेले. ताई म्हणाल्या, तक्रार करता येते, अन्न आणि औषधाचं सरकारी ऑफिस असतं. पण बिल नव्हतं, जावयानं हातानं दिलेलं. सभेत बोललेलं हवेत गेलं. आणि तक्रार म्हणजे जावयाचं नाव आलंच. काकीजींनी नको म्हणून मान हलवली. मीही त्यांना दोष देऊ शकत नाही.

पुढं वाईट झालं ते ताईंचं. त्या सभेला जाणाऱ्या लोकांनी गल्लीत वावडी उठवली, तिचा धंदा बसत चाललाय म्हणून ती डब्याच्या मागं लागली. काही लोक लांबच्या मेडिकलवर जाऊ लागले. काकीजींना जावयाची लाज, त्याही ताईंच्या दुकानाकडं फिरकेनात. तेवढ्यात नवऱ्याचं कंत्राट संपलं. नवीन काम भिलाईकडं लागलं, आणि आम्ही भांडी बांधून निघालो. निघायच्या दिवशी ताईंची सुट्टी होती, दुकान बंद, भेट झालीच नाही.

नंतर ऐकलं की अशा डब्यांचे नियम आणखी कडक झाले, काय घालायचं, किती घालायचं, काय म्हणायचं. झाले असतील. मी मात्र आजही कुणी काही खायला दिलं तर मागची बाजू आधी वाचते, चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवते, बिल मागते. लोक हसतात. काकाजींना हे वेळेवर कळलं असतं तर, असं मनात येत राहतं.

ताई, तुमचे मी आभारसुद्धा नीट मानले नाहीत. एक दिवस मी कुडव्याला येणार आहे, संध्याकाळी, दुकानात गर्दी असते तेव्हा. तुमच्या काउंटरपुढं उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणार आहे की काकाजींना यांनी वाचवलं, आणि डब्याबद्दल या बोलल्या त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मला चारचौघांत बोलायची भीती वाटते, तुम्हाला ठाऊक आहे. तरी बोलणार आहे.