उघडा तळ
समुद्री मिठाचा ओला वास आला की अजून माझं डोकं तापतं. भंडाऱ्यातल्या माझ्या साड्यांच्या दुकानात शोभेच्या माशांसाठी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवली, तेव्हा ती बसवणाऱ्या मासेवाल्याने तळाची रेतीही भावात धरली होती. "रेतीत घाण साचते. तळ उघडाच ठेव, भाव कमी कर," मी म्हटलं. तो हसला, रेती वगळली आणि पिवळा मासा पाण्यात सोडून गेला. संध्याकाळी दुकान बंद करताना टाकीचा दिवा मालवताच मासा तोंड खाली करून काचेच्या तळावर धडका मारू लागला. "अहो, जीव देऊन राहिला तो!" बायको किंचाळली. मी मासेवाल्याला फोन लावला. "तो रेतीत घुसून झोपते, भाऊ." "मंग सकाळीच काहून नाही सांगितलं?" "तुम्ही भाव करून राहिले होते." उजाडेपर्यंत मासा मेला. तो मरणार हे ठाऊक असून माणूस हसू शकतो, हे मला आजही खरं वाटत नाही.