कुणीच न दिलेला डाग

आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. मीही आजवर लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात आणि प्रयोगवहीत. त्यामुळे असं पानभर लिहून लोकांपुढे ठेवताना दुसऱ्याच्या घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटतं. शिवाय लिहायचं आहे ते आईविषयी, तिच्या अंगावरच्या अशा एका खुणेविषयी, जिच्याबद्दल मुलानं बोलूसुद्धा नये. लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले. चुकत असेन तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी बीडला खोली करून राहतो आणि सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करतो. गाव पाटोद्याच्या बाजूला. दिवाळी झाली की आई आणि आबा ऊसतोडीला कर्नाटकात जातात, ते उन्हाळा लागल्यावर परत येतात. मी लहान असताना त्यांच्याबरोबर जायचो. पुढे शाळा बुडू नये म्हणून मावशीकडे राहिलो. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती आईला अक्का म्हणते.

आमच्या विभागातल्या मॅडम प्रवाशांना होणाऱ्या तापांवर संशोधन करतात. माणूस एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जातो तेव्हा आजारही त्याच्याबरोबर जातो-येतो. ठिकठिकाणचे संशोधक अशा परत आलेल्या आजारी प्रवाशांची माहिती एकमेकांना कळवतात, म्हणजे एखादी साथ कुठून निघाली ते वेळेत कळतं. या कामात मॅडमच्या हाताखाली आम्ही दोघं होतो, मी आणि माझा एक मित्र. त्याच्या वडिलांचा बीडमध्ये फळांचा गाडा आहे. मक्केला उमरा करून आलेल्या आणि आखातात कामाला असलेल्या लोकांकडे तो जायचा. मी दवाखान्यांतून चौकशी करायचो.

पहिल्याच बैठकीत मी भीत भीत विचारलं होतं, "मॅडम, ऊसतोडीला जाणारे लोक यात धरायचे का?"

मित्र लगेच म्हणाला, "धरा की म्याडम. ह्याचे आई-वडील दरसाल फॉरेनला जातात. तिथली भाषाबी येत न्हाई त्यांना."

सगळे हसले. मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "घर सोडून दुसऱ्या रानात जाऊन झोपतो तो प्रवासीच. पण आपल्या आराखड्यात ते बसवायला वरून परवानगी लागेल. मी मागते." ती परवानगी येईपर्यंत ऊसतोडीचे लोक आमच्या कामाबाहेरच होते.

त्याच दिवशी मॅडमनी आम्हाला पडद्यावर फोटो दाखवले. वेगवेगळ्या तापांत अंगावर उमटणारी पुरळं, चट्टे, जखमा. मला ते फोटो नकोसे झाले. एक तर डोळ्यांसमोरून जाईना: गोऱ्या पाठीवर एकच काळी खपली आणि तिच्याभोवती लाल कडं. मॅडम म्हणाल्या, "स्क्रब टायफस. गोचिडीच्या जातीतला, पण डोळ्याला न दिसणारा बारीक किडा गवतात, पाचटात असतो. तो चावतो तिथं असं होतं. सिगारेटचा चटका दिल्यासारखं दिसतं, पण दुखत नाही. म्हणून कुणी सांगत नाही. काख, जांघ, कंबर, जिथं कपडा घट्ट बसतो तिथं बघायचं. बायकांना बाईनंच विचारायचं."

मी लिहून घेतलं, आणि फोटो पुढे सरकला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

थंडीच्या दिवसांत आबांचा फोन आला. "तुझी आय तापलीय. गोळ्या दिल्या, सुई दिली, उतरंना. आपल्या गावच्या ट्रकात बसवून दिलीय. मुकादम मला सोडंना. तू मांजरसुंब्याला थांब."

मित्राची स्कूटर घेऊन आम्ही मांजरसुंब्याच्या फाट्यावर गेलो. ढाब्यांपुढे ट्रक लागत होते, सुटत होते. प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये मी डोकावत होतो. शेवटी आमच्या गावचा ड्रायव्हर दिसला. तो म्हणाला, "सोलापूरपातुर बोलत हुती. मग गप झाली." आई सीटवर गोधडी गुंडाळून पडली होती. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमी जेवला का?" मी तिला आबा वाटलो की आजोबा, कोण जाणे. तिचा हात हातात घेतला तर तव्यावर हात ठेवल्यासारखं झालं.

मित्र काही विनोद करील म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं गोधडीचं टोक ओढून आईच्या पायांवर घातलं. तेव्हा मला खरी भीती वाटली.

ड्रायव्हरनं ट्रक बीडमधल्या एका खासगी दवाखान्याच्या दारापर्यंत आणला. डॉक्टर चांगले होते. त्यांनी मलेरिया तपासला, डेंग्यू तपासला. दोन्ही नाहीत. पण प्लेटलेट कमी होत होत्या आणि आईला धाप लागायला लागली होती. सलाइन, इंजेक्शनं चालू झाली. गावाहून मावशी आली. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नसत, त्यामुळे मावशी आत आणि मी जिन्यावर. दार उघडलं की मी उठून उभा राहायचो. मावशी नुसती मान हलवायची. ताप तसाच.

मला आजारांची नावं माहीत होती, हेच वाईट होतं. आबा रानात फक्त "ताप" म्हणून काळजी करत असतील. मी जिन्यावर बसून एकेक नाव आठवत होतो आणि प्रत्येकाचा शेवट मला पाठ होता. मेंदूत गेला तर काय, फुप्फुसात गेला तर काय. पेपरात या प्रश्नाला मी चांगलं उत्तर लिहिलं होतं.

अशात डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तू एम.एस्सी. करतोस ना?"

"हो सर."

"मग आईला डाग कसा देऊ दिलास? आधी अंगावर डाग देऊन घ्यायचा, मग शेवटी आमच्याकडे आणायचं. सिस्टरनं पाहिलाय, कमरेला. निदान तू तरी..."

माझी मान खाली गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या भागात ताप हटेना झाला, कावीळ झाली, पोट दुखायला लागलं की काही जण अजून डाग देतात. तापलेल्या सळईचा किंवा बिब्ब्याचा. लहानपणी माझ्या पोटावरही दिलेला आहे. त्यामुळे डॉक्टरांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. रोज असे डाग घेऊन आलेली माणसं ते पाहत असणार.

बाहेर येऊन मी मावशीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिनं पदर तोंडाला लावला. "निऱ्या खोचायच्या जागी हाय. मी लुगडं बदलताना बघितला. म्हणलं, भावजींनी तिकडं कुणाकडनं दिला आसंल. तुला कशापाई सांगायचं? तू चिडला आसतास, डाक्टर चिडला आसता. जीव वाचवायलाच दिला आसंल ना त्यांनी?"

मी चिडलोच. आबांना फोन लावला. ते उसाच्या फडात होते, मागून कोयत्यांचा आवाज येत होता.

"आबा, आईला डाग कुणी दिला?"

"कसला डाग?"

"कमरेला. खोटं बोलू नका. डॉक्टर मला बोलले."

"आरं लेका, हितं कोण हाय डाग देनारा? आमाला हितल्या बोलीत पानी मागायला येत न्हाई धड, डाग कुटं मागू? न्हाई दिला. तुझ्या गळ्याची आन." मग म्हणाले, "बरी हाय ना रं ती?"

मी "आहे" म्हणालो आणि फोन ठेवला. आबा माझी शपथ कधी घेत नाहीत.

डाग नाही, तर मग काय? जिन्याच्या कठड्याला धरून मी उभा राहिलो आणि तो फोटो डोळ्यांसमोर आला. काळी खपली, लाल कडं. पाचट. जिथं कपडा घट्ट बसतो तिथं. मला वाटलं माझं डोकं फिरलं आहे, भीतीपायी मी आईच्या अंगावर पुस्तक चिकटवतो आहे. आणि ते पाहायचं कसं? ती माझी आई आहे. मी मावशीला म्हणालो, "तिला एवढंच विचार, तिथं दुखतं का. हळूच दाबून बघ." डाग ताजा असता तर हात लावू दिला नसता.

मावशी आत गेली आणि बाहेर आली. "दोनदा दाबलं. अक्का गुंगीतच म्हनली, न्हाई दुखत. म्हनली, उसाचं पाचट लागलं आसंल, चुना लावलाय."

डॉक्टरांच्या केबिनसमोर मी किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. त्यांना काय सांगणार? मी विद्यार्थी, फीसुद्धा पूर्ण न भरलेला. शेवटी मॅडमना फोन केला. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "आत जा. फोन डॉक्टरांच्या हातात दे. आत्ता."

डॉक्टर मॅडमशी बोलले. मग उठले, सिस्टरला आणि मावशीला घेऊन वॉर्डात गेले. परत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून चष्मा काढला, पुसला. "डाग नाही तो," ते म्हणाले. "स्क्रब असू शकतो. त्यावरचं औषध, डॉक्सी, लगेच सुरू करतो, रिपोर्टसाठी थांबायचं नाही. पण उशीर झालाय. आता काही सांगत नाही मी."

त्या शेवटच्या वाक्यावर मी पुढचा सगळा वेळ काढला.

तपासणी बीडमध्ये होत नव्हती. रक्ताचा नमुना संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत न्यायचा होता. मित्र म्हणाला, "तू जा. प्लेटलेट लागल्या तर मी मोहल्ल्यातली पोरं उभी करतो. तू हितं राहून तरी काय करनार, जिना झिजवनार?" मी एसटीत मांडीवर बर्फाचा डबा घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुल्फी का?" मी "हो" म्हणालो. खरं सांगितलं असतं तर रडू आलं असतं.

नमुना देऊन परत निघालो. गेवराईच्या अलीकडे मावशीचा फोन आला. मावशी स्वतःहून कधी फोन करत नाही, मिस्ड कॉल देते आणि आपण लावायचा. या वेळी तिनं पूर्ण फोन केला होता.

"तू ये," ती म्हणाली. "नीट ये. पर लवकर ये."

"काय झालं? मावशी?"

"फोनवर काय सांगू? तू ये." फोन कट झाला. मी परत लावला तर बंद.

आमच्याकडे कुणी गेलं तर फोनवर सांगत नाहीत. वाटेत माणसाला काही होऊ नये म्हणून. आजोबा गेले तेव्हा आबांना कर्नाटकात असाच फोन केला होता, "तू ये." आबांना गावच्या फाट्यावर घ्यायला चुलते उभे होते, आणि चुलत्यांना तिथं पाहूनच आबा खाली बसले. मी तेव्हा चुलत्यांच्या मागे उभा होतो.

गेवराई गेली. पाडळशिंगी गेलं. कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होता, लोक हसत होते. मला सारखं एकच वाटत होतं की बस बंद पडावी. पोचूच नये. जोवर मी बसमध्ये आहे तोवर आई आहे. आबांना कसं सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवू लागलो आणि पहिलाच शब्द सुचला, "या."

बीडच्या स्टँडमध्ये बस वळली. फाटकाशी मित्र स्कूटर घेऊन उभा होता. एवढ्या वर्षांत तो मला घ्यायला कधी आलेला नाही. मी जागेवरच बसून राहिलो. सगळे उतरले. कंडक्टर म्हणाला, "ओ दादा, डेपोत झोपायचंय का?"

मित्रच बसमध्ये चढला.

"चल बे."

"आधी सांग."

"काय सांगू?"

"गेली का?"

त्यानं माझ्या डोक्यात टपली मारली. "अबे येड्या, कुटं गेली? घामानं गोधडी भिजली तिची, ताप उतरला. डाक्टर दोनदा येऊन बघून गेला. च्या मागितला तिनं, पिली, आन साखर कमी हाय म्हनून मावशीला बोलली."

तो शेजारच्या सीटवर बसला. खिडकीतून बाहेर बघत, जरा हळू आवाजात तो पुढे म्हणाला,

"पर तुला बोलावलंय ते तिनंच. बायकांच्या अंगावरचं, म्हनून मावशीला फोनवर सांगता येईना, आन तेवढ्यात तिचा फोन बंद पडला. शुद्धीवर येऊन तो डाग कशाचा ते कळल्यापासून एकच लावलंय. तिकडं फडावर तिच्या कोपीच्या, म्हंजी झोपडीच्या रांगेत अजून दोन बायका तापल्यात. तसाच काळा डाग हाय म्हनती, तिनं न्हाताना बघितला. चुना लावून फडात जातात. म्हनती, माझ्या पोराला आन, त्याला ठावं हाय."