एकच पत्रा

भिलाईच्या विमान संग्रहालयात मी दर शनिवारी शाळेच्या मुली घेऊन जाते. तिथे जुन्या विमानाच्या पंखाखाली स्टील प्लांटमधून रिटायर झालेला एक फिटर त्यांना पत्र्याच्या भोकात रिवेटची खीळ ठोकायला शिकवतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. रिवेट ठोकून झाला की तो डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवतो. मुलगी श्वास रोखून उभी असते. मग तो म्हणतो, "एकदम पक्का बैठा, बेटा." ती शेजारी खडूनं आपलं नाव लिहिते.

एकदा विसरलेली छत्री घ्यायला मी परत गेले, तर तो ड्रिलनं सगळे रिवेट काढत होता. नावं पुसून झाली होती.

"कावून काढता?" मी विचारलं.

"पत्रा एकच हाये, मॅडम. नवा मागून मागून थकलो. उद्या जामुलचे पोरं येतीन." तो ड्रिलकडेच बघत होता. "काढून काढून भोकं ढिले झाले. आता एकबी रिवेट पक्का बसत नाही."

पुढच्या शनिवारी त्यानं डोळे मिटले, अंगठा फिरवला. "एकदम पक्का बैठा, बेटा."

मुलीनं खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि तिच्या हातात खडू दिला.